वाईट वाक्यांतला गुणाजी

गुणाजी पहिल्यांदा मेला तेव्हा सगळे हसले होते.

आरे कॉलनीतल्या एका पाड्यात, अंजनाबाईच्या सारवलेल्या ओट्यावर बैठक बसली होती. अंजनाबाई सुपात तांदूळ निवडत होती. समोर कुंदा, मांडीवर प्रश्नांचे कागद घेऊन. मध्ये कॅसेट रेकॉर्डर, आणि त्याच्या शेजारी, मशीन कुणी पळवून नेऊ नये अशा बेताने पाय पसरून बसलेला कुंदाचा बाप गुणाजी.

कुंदा घाटकोपरच्या एका कॉलेजात शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी आरेतल्या वारल्यांच्या बोलीचा अभ्यास करायची. त्या बोलीच्या व्याकरणावर तिचा प्रबंध चालला होता, सहा वर्षं. "त्यांच्या भाषेला कसलं गं व्याकरण?" असं स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी दर वर्षी विचारायचं आणि कुंदा दर वर्षी डब्यातली भाजी पुढे करायची. उत्तर देत बसायचा तिचा स्वभाव नव्हता.

गुणाजी या कामात आला तो संपामुळे. गिरणीत सूतखात्यात त्याचा जन्म गेला होता. ब्याऐंशीचा संप लांबत गेला, मग गिरणीने त्याला परत घेतलंच नाही. भटवाडीतल्या दोन खोल्यांत दिवसभर माणूस बसून राहिला की कुणाच्या तरी पायात येतोच. त्याची बायको विमला सकाळपासून त्याच्यावर तोंड टाकायची. एका रविवारी कुंदा निघाली तसा तो उठला आणि तिच्या खांद्यावरची रेकॉर्डरची पिशवी त्याने काढून घेतली.

"जड आसा तां. मी घेतंय."

तेव्हापासून दर रविवारी तो बरोबर असे. साकीनाक्याला बस बदलताना पिशवीला कुणाचा धक्का लागला तर आधी त्या माणसाला आणि मग कंडक्टरला दम देई. पाड्यात पोचल्यावर कुंदा कागद लावेपर्यंत हा अंजनाबाईच्या नवऱ्याशी, धाकूशी, गप्पांत रंगलेला असे. धाकू दूध कॉलनीच्या गोठ्यावर कामाला होता. म्हशी आणि गिरणीतली यंत्रं यांत जास्त खोडकर कोण, यावर दोघांचा वाद कधी मिटला नाही. अंजनाबाई मालवणी बोलत नसे, गुणाजीला वारली येत नसे. अडत मात्र कुणाचंच नसे.

त्या वर्षी कुंदाने जे प्रकरण हाती घेतलं होतं ते आपल्या हातात नसलेल्या गोष्टींचं. माणूस जातो, खातो, मारतो, हे तो स्वतः करतो. पण पडणं, बुडणं, हरवणं, मरणं माणसाला होतं. अशा वेळी या बोलीत वाक्याची घडी वेगळी पडते असं कुंदाला वाटत होतं आणि तेच तिला दाखवायचं होतं. त्यासाठी वाक्यं हवी होती. ती तिने घरून लिहून नेली. पहिलंच होतं, 'माझा नवरा मेला.'

"हे तुझ्या बोलीत म्हण, मावशी," कुंदा म्हणाली.

अंजनाबाईने सूप खाली ठेवलं आणि ती उठून आत गेली.

धाकूने कुंदाकडे पाहिलं. "असलं तोंडातून काढत नाहीत, पोरी. बोल लागतो, बोललेलं खरं होतं."

कुंदा वरमली. अंजनाबाई बाहेर आल्यावर तिने वाक्य बदललं. "बरं, तुझा नवरा नको. एक माणूस मेला, असं म्हण."

"कोण माणूस?"

"कुणीही."

"कुणीही म्हणजे कोण? नाव नाही, पाडा नाही, असा माणूस असतो का कुठं?"

अंजनाबाईचं सगळंच असं होतं. नसलेल्या माणसाबद्दल, न घडलेल्या गोष्टीबद्दल ती वाक्य देत नसे. 'मुलाने झाड तोडलं' म्हण म्हटलं तर कुठल्या मुलाने, कुठलं झाड, आणि वनखात्याच्या माणसाने पाहिलं का, हे आधी सांगावं लागे. कुंदाने कागद गुंडाळायला घेतले.

"अगो, माका मार ना," गुणाजी म्हणाला. "म्हण, गुणाजी मेलो."

"बाबा!"

"तू गप. तिका नाव व्हया, माझा नाव आसा. बोल लागता म्हणता ना ती? अगो बाय, आमच्या घरात मी रोज मरतंय. च्याय प्यायच्या आधी एकदा, जेवणाक उशीर झालो की एकदा. तुझ्या तोंडान आणि एकदा मेलंय तर काय बिघाडता?"

हे खरं होतं. त्यांच्या घरात मरणाची भाषा ताटवाटीसारखी रोजच्या वापरातली होती. विमलाच्या तोंडी 'मेल्या' होतं, 'मढ्या' होतं. रागात असली की तुझा मढा बशिवला, लाडात आली तरी तेच, फक्त आवाज वेगळा. कोकणातून आणलेल्या सामानातलंच ते एक सामान. त्यात काही वाईट असतं हे गुणाजीच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं, आणि दुसऱ्या घरी असेल, हे तर मुळीच नाही.

अंजनाबाईने त्याच्याकडे पाहिलं. अंगणाच्या कडेला शेजारच्या चारदोन बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. पदर तोंडाशी धरून ती पुटपुटली, आणि तिच्या बोलीत गुणाजी मेला. गुणाजीने डोळे पांढरे केले, जीभ बाहेर काढली आणि ओट्यावर आडवा झाला. धाकू इतका हसला की त्याला ठसका लागला.

मग कसलाच अडसर राहिला नाही. गुणाजी ताडावरून पडला. गुणाजीला साप चावला. गुणाजी पवईच्या तळ्यात बुडाला. गुणाजीला वाघाने नेला. प्रत्येक मरण गुणाजीच सुचवायचा, करून दाखवायचा, आणि अंजनाबाई हसत हसत वाक्य द्यायची.

"बाबा, मध्ये बोलू नका. तुमचा आवाज तिच्या आवाजावर चढतोय."

"मग मी मरतलंय कसो?"

हेही त्या कॅसेटवर आहे.

प्रकरण उत्तम झालं. कुंदाचे मार्गदर्शक श्यामकांत सर सहसा कौतुक करत नसत. ते अंधेरीला त्यांच्या घरी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "काम चोख आहे. पण हा तुझा गुणाजी कोण? फारच दुर्दैवी माणूस दिसतो."

कुंदा हसली. ते माझे वडील, असं तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सरांनी काही शास्त्रीय शंका काढली असती, एवढंच तिला त्या वेळी वाटलं.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत गुणाजी गेला. छातीत वर्षानुवर्षं साचलेला कापूस शेवटी जड झाला, असं डॉक्टरांच्या बोलण्याचं तात्पर्य होतं. दिवसकार्य झालं. पाहुणे गावी परतले. विमला भिंतीला टेकून बसायची, ते कुंदाला बघवायचं नाही. एप्रिलमध्ये तिने पिशवी स्वतः खांद्यावर घेतली आणि निघाली. एक प्रकरण राहिलं होतं, आणि जूनपर्यंत प्रबंध दिला नाही तर तिची नोंदणी रद्द होणार होती.

अंजनाबाई ओट्यावरच होती. कुंदाला पाहून तिचा चेहरा फुलला, मग ती कुंदाच्या मागे पाहू लागली.

"बाबा कुठं राहिला? धाकूजवळ बसला वाटतं?"

"बाबा गेले, मावशी."

अंजनाबाईने कुठे म्हणून विचारलं नाही. ती उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

कुंदा बसून राहिली. पुष्कळ वेळाने धाकू आला, दार वाजवून आत गेला आणि बाहेर येऊन कुंदाकडे न बघता म्हणाला, "ती म्हणते, 'मीच मारला.'"

"कुणाला? बाबांना? अहो काका, त्यांच्या छातीत कापूस होता. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला. गिरणीतल्या सगळ्यांनाच—"

कुडाच्या भिंतीपलीकडून अंजनाबाईचा आवाज आला. "डॉक्टराने छाती बघितली. माझं तोंड बघितलं का?"

कुंदा उठून भिंतीजवळ गेली.

"त्या पेटीत मी आहे ना?" आतून आवाज आला. "घरी तू पेटी लावतेस, तेव्हा मी तिथं परत म्हणते. किती वेळा लावलीस?"

प्रकरण लिहिताना एकेका वाक्यासाठी तिने ती कॅसेट मागे नेऊन नेऊन ऐकली होती. किती वेळा, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"एवढ्या वेळा म्हटलं मी," अंजनाबाई म्हणाली. "काढ ते. पेटीतलं काढ, कागदावरचं काढ. मग मी बोलेन. नाही तर बोलणार नाही."

परतीच्या बसमध्ये पिशवी कुंदाच्या मांडीवर होती. कुणाचा तरी कोपर तिला लागला. कुंदाने काही म्हटलं नाही.

ती वाक्यं काढली तर प्रकरण कोसळत होतं. ती ठेवली तर अंजनाबाई बोलणार नव्हती आणि शेवटचं प्रकरण होणार नव्हतं. आणि या दोन्हींहून जड एक गोष्ट होती, जी कुंदाने कुणापुढे बोलून दाखवली नाही. गुणाजीचे फोटो होते, लग्नातला एक, गिरणीच्या ओळखपत्रावरचा एक. आवाज मात्र फक्त त्या कॅसेटवर होता. बाकी सगळ्या कॅसेट तिने कामाच्या शिस्तीने केल्या होत्या. बापाला गप्प बसवून.

श्यामकांत सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. "तिच्या भावनांचा आदर ठेव, पण एक सांग, पाड्यात तुझा प्रबंध वाचणार कोण आहे?"

भाऊ नंदू व्यवहारी होता. "सोपं आहे ना. शेजारच्या खंडूकडे दोन कॅसेटवाला टेप आहे. कॉपी मारू. एक तिच्यासमोर पूस, एक आपल्या कपाटात. तिला काय कळणार, यार?"

हाच विचार कुंदाच्या मनात त्याच्याही आधी येऊन गेला होता, बसमध्येच. पण पुसल्यावर अंजनाबाई विचारणार, आणखी कुठं आहे का? ती विचारणारच. आणि तेव्हा 'नाही' म्हणावं लागणार, त्या बाईच्या तोंडावर, जिने सहा वर्षांत कुंदाला एकही खोटं वाक्य दिलं नव्हतं.

"कसली कॅसेट?" विमलाने चुलीजवळून विचारलं. घरात गॅस आला होता तरी ती जागा सगळ्यांच्या तोंडी चूलच राहिली होती. "त्येचो आवाज आसा त्येच्यात?"

कुंदाने मान डोलावली.

"लाव बघू."

"आई, त्यात बरंच काही... तुला ऐकवणार नाही."

"लाव म्हटलंय ना."

कुंदाने लावली. खरखर झाली, मग 'अगो, माका मार ना.' विमलाचे हात पिठात होते. ते तसेच राहिले. ताड झाला, साप झाला, तळं झालं, वाघ झाला. प्रत्येक वेळी मागून गुणाजीचं हसणं. नंदू गॅलरीत जाऊन उभा राहिला. कॅसेट संपली तेव्हा विमलाने पदराने नाक पुसलं, पीठ नाकाला लागलं.

"हसता कसो बघ," ती म्हणाली. आणि मग, "मगे ती बाय आता कित्याक बोलना नाय?"

कुंदाने सांगितलं.

"रविवारी मी येतंय तुझ्यावांगडा."

विमला आरेत कधी गेली नव्हती. दोन्ही बाजूंची झाडं बघत ती बसमध्ये गप्प होती. हातात कुळथाच्या पिठाची पुडी होती. कुणाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? पाड्यात पोचली तर अंजनाबाईचं दार लावलेलंच. विमला सरळ ओट्यावर चढली, जिथे गुणाजी बसत असे नेमकी तिथे बसली, आणि भिंतीशी बोलायला लागली.

"बाय गो, मी गुणाजीची बायल. तुका माझा बोलणा कळता काय नाय माका म्हायत नाय, पण आयक. लगीन करून इल्यापासून मी त्या माणसाक मेल्या म्हणान हाक मारलंय. मेल्या ऊठ, मेल्या जेव, मेल्या खंय उलथलं होतंस. रागान म्हटलंय, मायेन म्हटलंय. बोल लागूचो आसतो तर माझो आधी लागाक व्हयो होतो. तू काल इलंस आणि माझ्या फुडे कशी गेलंस?"

अंगणात धाकू खाली मान घालून उभा होता. विमलाचा आवाज खाली आला.

"परवा भाकरी वाढूक घेतलंय. सवयीन तोंडात इला, मेल्या, येतंस मा? तसोच गिळलंय. आता मी तो शब्द खंय ठेवू, तां सांग."

दार उघडलं. अंजनाबाई वाळून गेली होती. ती विमलाच्या समोर येऊन उकिडवी बसली आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग अंजनाबाई रडायला लागली, आणि ती रडते म्हणून विमलाने तिला एक शिवी घातली, मालवणीत, आणि स्वतःही रडली.

धाकूने चहा टाकला. पिऊन झाल्यावर अंजनाबाई कुंदाला म्हणाली, "तुझी आई म्हणते ते असेल. नसेलही. पण माझं तोंड पेटीत आहे, ते तसं ठेवू नको."

"काढते, मावशी." कुंदाने रेकॉर्डर पुढे ओढला. "आणखी कुठेही नाही. ही एकच आहे. पण पुसायच्या आधी एकदा... त्यांचा आवाज आहे यात."

अंजनाबाईने होकार दिला. कुंदाने बटण दाबलं. 'अगो, माका मार ना,' गुणाजी त्याच ओट्यावरून म्हणाला, आणि धाकूने चटकन मागे वळून पाहिलं. पुढे अंजनाबाईचा स्वतःचा आवाज यायच्या आतच तिने कुंदाचा हात धरला. कुंदाने थांबवलं.

"त्याचं राहू दे," अंजनाबाई म्हणाली. "त्याने काय वाईट केलं? माझं काढ."

"तुझं एकटीचं कसं काढायचं?"

पण कसं ते कुंदाला बोलता बोलताच कळलं. गुणाजी बोलून थांबला की मशीन थांबवायचं. मग दोन्ही बटणं एकदम दाबायची, म्हणजे जुनं पुसून वर नवं चढतं. त्या जागेत अंजनाबाईने दुसरं काही बोलायचं, आणि गुणाजी पुढचं बोलायच्या आत कुंदाने बटण सोडायचं. जागा जेमतेम एका वाक्याची.

"मग मी काय बोलू?"

"तुला हवं ते."

पहिल्यांदा कुंदाचं बोट चळलं आणि गुणाजीचं एक हसणं अर्धं कापलं गेलं. विमलाने कुंदाच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि पुढच्या वेळी बोट चुकलं नाही.

'तुझ्या तोंडान आणि एकदा मेलंय तर काय बिघाडता?'

अंजनाबाईने विमला बसली होती त्या जागेकडे पाहिलं. मग आपल्या बोलीत, स्वच्छ, पदर तोंडाशी न धरता म्हणाली, "गुणाजी बसला आहे."

'म्हण, साप चावलो गुणाजीक.'

"गुणाजी चहा पितो."

'पवयच्या तळ्यात बुडलो.'

"गुणाजी धाकूशी भांडतो, म्हशीवरून."

धाकूने नाक ओढलं. सगळे थांबले होते ते वाघासाठी. 'वाघान व्हरलो, म्हण,' गुणाजी म्हणाला, आणि अंजनाबाई जरा विचार करून म्हणाली, "वाघ आपल्या घरी गेला."

विमला हसली. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा.

ही वाक्यं अंजनाबाईने खरी म्हणून दिली की कशी, हे कुंदाला कामाच्या सवयीने विचारावंसं वाटलं. नसलेल्या गोष्टीचं वाक्य ही बाई देत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने विचारलं नाही. निघताना विमलाचं आणि अंजनाबाईचं कुळथाची पिठी पातळ करावी की घट्ट यावर चाललं होतं, दोघी आपापल्या बोलीत, आणि हातवारे गुणाजीसारखेच मोठे.

जून हुकला. मुदतवाढीचा अर्ज करावा लागला, आणि त्यासाठी सरांपुढे खाली मान घालून बसावं लागलं. हातात नसलेल्या गोष्टींचं प्रकरण निम्मं झालं. त्यात हरवणं राहिलं, निसटणं राहिलं, ठेच लागणं राहिलं. मरणाच्या जागी एक ओळ आली, की या क्रियापदाची जिवंत माणसाबद्दलची वाक्यं बोलणारे देत नाहीत, आणि मागू नयेत. शेवटचं प्रकरण, बसणं-उठणं-खाणंपिणं अशा साध्या रोजच्या क्रियांचं, अंजनाबाईने पावसाळाभर बोलून पुरं करून दिलं.

दिवाळीनंतर श्यामकांत सरांनी सगळा प्रबंध पुन्हा वाचला. कपाळावरचा चष्मा खाली घेऊन ते पानं मागेपुढे करत होते.

"मधलं प्रकरण अशक्त झालं, ते तुला ठाऊक आहे. त्यावर परीक्षक विचारतील." ते आणखी एक पान उलटून थांबले. "आणि तुझा तो दुर्दैवी गुणाजी? तो कुठं गेला?"

"आहे, सर," कुंदा म्हणाली. "शेवटच्या प्रकरणात आहे. चहा पितो."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते शेवटचं प्रकरण काढून वाचू लागले.